पेलो फाटो

मी माझ्या आईला चुकीच्या धरणावर नेलं. धुकं होतं, पाटी पडली होती, गाडी बिघडली, असली एकही सबब माझ्याकडे नाही. नीट विचारून, नीट ऐकून, छाती पुढे काढून चुकीच्या धरणावर नेलं, आणि हेच ते धरण असं दिवसभर तिला पटवत बसलो. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि आपल्याला चार भाषा येतात असा माझा पक्का समज होता. घरची अहिराणी, शाळेची मराठी, सिनेमाची हिंदी आणि माझा वर्गमित्र दिलीप याच्या घरी ताक पिता पिता उचललेली गुजरी, म्हणजे गुजरांची बोली. यातली चौथी मला किती येत होती, ते पुढे येईलच.

आमचं गाव तापीकाठचं. हिवाळ्यात साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की पुरुषोत्तमनगरकडून वारा आला म्हणजे मळीचा आंबूस वास घरात शिरायचा आणि भोंग्यावर गावातल्या बाया चुली पेटवायच्या. माझी माय मात्र भोंग्याच्या आधी उठायची. मी अंथरुणात असतानाच भाकरी थापल्याचा आवाज यायचा, आधी दोन मोठ्या थापा, मग बारीक बारीक, मग तव्यावर पाण्याचा हात फिरल्याची सुस्स. मला आजही गजराच्या घड्याळाने जाग येत नाही, त्याला कारण ते आवाज आहेत. बायको म्हणते, कारण आळस आहे.

हिवाळा म्हणजे आमच्याकडे भरिताचे दिवस. हिरवी-पांढरी, हाताएवढी लांब वांगी, शेतातल्या वाळलेल्या कापसाच्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, त्यांचा जाळ, आणि त्यात काळी पडेपर्यंत भाजलेलं वांगं. मग लाकडी बडगीत ते मिरच्या-लसणाबरोबर कुटायचं, वर शेंगदाणे, कांद्याची पात आणि तेलाचा सढळ हात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. पण भरिताची पार्टी ही पुरुषांची गोष्ट. माझे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, दर हिवाळ्यात एकदा तरी मित्रांना घेऊन सातपुड्याच्या पायथ्याच्या मोठ्या धरणावर पार्टीला जायचे. आदल्या दिवशी माय भाकरींची चळत करायची, मिरच्या निवडायची, कांद्याची पात धुऊन ओल्या फडक्यात बांधायची, आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर उभी राहून ट्रॅक्टरची ट्रॉली दिसेनाशी होईपर्यंत बघायची. आबा परत येऊन खाटेवर पडत आणि सांगत, ‘‘इतलं पानी, इतलं पानी! पलीकडला काठ दिसस नई.’’ माय विचारायची, ‘‘भाकरी पुरन्यात का?’’

त्या वर्षी मायचे डोळे गेले. गेले म्हणजे अगदी गेले नाहीत. एकात मोतीबिंदू पांढरा होऊन बसला होता आणि दुसऱ्यासमोर कुणी मलमलचं फडकं धरल्यासारखं. तेव्हा मोतीबिंदू पिकायची वाट बघायचे, केळीच्या घडासारखी. तिचा पिकला. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं, थंडी आहे तोवर करून घ्या. पण माय ऐकेना. आमच्या गल्लीतल्या एका काकूचा डोळा ऑपरेशननंतर बंदच झाला होता आणि माय रोज तिला हात धरून ओट्यापर्यंत आणायची. तिला जे दिसत होतं ते थोडं होतं, पण तिचं होतं. आबांनी समजावलं, मामाने समजावलं, मी शाळेच्या पुस्तकातून डोळ्याची आकृती काढून दाखवली, जी तिला अर्थातच दिसली नाही. शेवटी एका संध्याकाळी तांदूळ चाचपत निवडताना ती म्हणाली, ‘‘पह्यले मले ते धरण दखाडा. येवढं पानी एकदाव दखी लेऊ, मंग कापो तो डोया.’’

आबांची ऊसतोड चालू होती, त्यांना शेत सोडता येईना. मी उभा राहिलो आणि म्हणालो, ‘‘मी ली जास माय.’’ इतक्या मोठ्या गोष्टी मी सहसा उभा राहूनच बोलायचो.

पुढच्या सोमवारी आबांच्या फटफटीवर माय मागे बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत पाच वांगी, मिरच्या, भाकरी, बडगी, आणि एका हाताने माझा खांदा असा धरलेला की घरी आल्यावर तिथे चार बोटं उमटलेली होती. पऱ्हाट्यांचा भारा मी टाकीवर आडवा बांधला होता, त्यामुळे समोरून येणारा प्रत्येक माणूस आमच्यासाठी रस्ता सोडून द्यायचा. तळोदा आलं, बाजारातल्या जीपांची टपावर माणसं चढवण्याची आरडाओरड आली, आणि मागे पडली. पुढे डोंगर जवळ दिसायला लागले, आणि रस्ते बारीक होत गेले. मायने पाठीत बोट खुपसलं. ‘‘बापू, इचारी ले कोनाले तरी.’’

केळीच्या बागेच्या बांधावर एक म्हातारे गुजर शेतकरी घड खांद्यावर घेऊन चालले होते. मी गाडी थांबवली आणि माझ्या चौथ्या भाषेत धरणाची वाट विचारली. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी घड सावरलेला, त्यामुळे हात करणं त्यांना जमलं नाही. हनुवटीने पुढे कुठेतरी खूण करत ते म्हणाले, ‘‘पेलो फाटो, भाय. पेलो.’’ हनुवटी नक्की कुठे गेली ते मी पाहिलं नाही, कारण त्या वेळी मी आरशात भांग नीट करत होतो. मी म्हणालो, ‘‘समजी गवू.’’ मायने विचारलं, ‘‘काय म्हनेत ते? परत इचार.’’ मी म्हणालो, ‘‘पह्यला फाटा म्हनेत. माय, मले गुजरी येस.’’

गुजरीत पेलो म्हणजे ‘तो’. तो पलीकडचा, पुढचा, दूरचा. पहिला नव्हे. हे मला दुसऱ्या दिवशी दिलीपने सांगितलं आणि वर तो इतका हसला की त्याच्या आईने ताकाचा गडू बाजूला ठेवला. मी पहिल्या फाट्याला गाडी वळवली. आता खिशातला फोनच वळणं सांगतो, बाईच्या आवाजात. तरीही मी चुकतोच, पण निदान दोष देता येतो.

मोहाच्या झाडांमधून दीड-दोन मैल गेल्यावर मातीचा एक बांध आला आणि बांधामागे पाणी. छान होतं. निळं, गार, काठाने हिरवं गवत, मध्ये काळ्या बदकांचा पुंजका, पलीकडे लगेच डोंगराचा पाय. आणि पलीकडच्या काठावर एक म्हैस उभी होती. माझ्यापासून एवढी जवळ की तिच्या पाठीवर बसलेला बगळा कुठल्या पायावर उभा आहे तेही मला सांगता आलं असतं. ना दरवाजे, ना भिंत, ना बोट. एखाद्या नाल्यावर घातलेला बांध होता तो. परत फिरावं तर ऊन वर आलेलं, खरं धरण कुठे ते ठाऊक नाही, आणि मायने येताना सबंध रस्ता एकच गोष्ट बोलून दाखवली होती: धरण दिसलं तर नंदुरबार. नाही दिसलं तर नाही. हा तलाव पाहून ती डोळा कापून घ्यायला तयार होईल का? आबांनी वर्षानुवर्षं वर्णन केलेल्या समुद्राच्या जागी मी तिला म्हशीचं डबकं दाखवलं, तर ती म्हणेल, राहू दे, ह्या घराचं एक तरी बोलणं खरं निघतं का.

माय गाडीवरून उतरली, पदर सावरला, मान वर करून उजेडाकडे बघितलं आणि विचारलं, ‘‘उनं का?’’ म्हणजे आलं का.

आता इथे एक कबुली देतो. आम्ही घरी अहिराणीत हसायचो, भांडायचो, रडायचो. पण खोटं बोलायची वेळ आली की माझी जीभ आपोआप शाळेच्या मराठीत जायची. परीक्षेत नापास झालो तेव्हा, आबांच्या खिशातल्या विड्या गेल्या तेव्हा, असंच झालं होतं. माझं मला हे ठाऊक नव्हतं. मी ताठ उभा राहिलो, आणि निबंधाच्या वहीतून बोलू लागलो.

‘‘होय माय. हाच तो विशाल जलाशय.’’

मायने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, ‘‘पलीकडला काठ दिसस का?’’

‘‘नाही. दूरवर केवळ धूसर क्षितिज दिसत आहे.’’

‘‘ते काय ऱ्हास?’’

‘‘जिथे आकाश आणि पाणी एकमेकांना भेटतात, ते.’’

तेवढ्यात म्हशीने मान हलवली आणि तिच्या गळ्यातली घंटा टणटणली. मायने कान टवकारले. ‘‘मंग ती घंटी कसानी?’’

‘‘बोटीची आहे.’’

‘‘बोट दिसस नई ती.’’

‘‘तीच बोट पलीकडे निघाली आहे. परत यायला सायंकाळ होईल.’’

‘‘आनि दरवाजा कितला शेतस?’’

‘‘बावीस,’’ मी म्हणालो. आकडा कुठून आला ते मला आजतागायत कळलेलं नाही.

‘‘त्यासना आवाज येत नई.’’

‘‘बंद आहेत.’’

माय ‘‘हां’’ म्हणाली आणि चपला काढून सरळ पाण्याकडे चालायला लागली. मी धावत जाऊन हात धरला. तिने लुगडं पोटरीपर्यंत वर घेतलं, एका सपाट दगडावर बसली आणि पाय पाण्यात सोडले. मी माझ्या आईला कधी पाय लांब करून बसलेलं पाहिलं नव्हतं. बारीक मासे आले आणि तिच्या भेगाळलेल्या टाचांना तोंड लावू लागले. ती दचकली, मग हसली, मग इतकी हसली की तिला पदर तोंडाशी धरावा लागला. एक निळी रेघ पाण्यावरून सर्रकन गेली. ‘‘निळं काय गयं ते?’’ तिने विचारलं. ‘‘खंड्या व्हता, माय,’’ मी म्हणालो. त्या दिवसातलं माझं पहिलं खरं वाक्य ते.

मी तीन दगड मांडून पऱ्हाट्या रचल्या आणि तेव्हा कळलं की काडेपेटी घरीच राहिली. (वाचणाऱ्याला एव्हाना आश्चर्य वाटू नये.) बांधाच्या कडेला एक भिल्ल बाई जाळं शिवत बसली होती. नाव सुकीबाई, आमच्या मायच्याच वयाची. डोळ्यांवर बाटलीच्या बुडाएवढा जाड चष्मा, एका बाजूची दांडी मोडलेली म्हणून कानाला दोरा गुंडाळलेला. विस्तव मागायला गेलो तर ती मला नखशिखांत न्याहाळून म्हणाली, ‘‘मोठं धरण सोडीसन आठे कसाले उनात? आठे कोनी येत नई.’’ मी ओठांवर बोट ठेवलं, मागे दगडावर बसलेल्या मायकडे खूण केली आणि हात जोडले. सुकीबाईने मायकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जाळं तसंच खांद्यावर टाकून उठली. ‘‘चाल,’’ म्हणाली, ‘‘तुले वांगं भाजता येत नई व्हई.’’

येत नव्हतंच. सुकीबाईने पऱ्हाट्या पेटवल्या, वांगी राखेत फिरवली, आणि त्यांची साल फुटून गोड धूर पाण्यावर पसरला तशी माय काठावरून म्हणाली, ‘‘ते डाखोरनं उलटं कर, जयी ऱ्हायनं.’’ म्हणजे डावीकडचं. नाकाने ओळखलं होतं. मग दोघी शेजारी बसल्या. एक कुटायची, दुसरी मीठ टाकायची. मी फक्त शेंगदाणे सोलत होतो आणि बोलणं धरणावर येऊ नये म्हणून मध्येमध्ये हवापाण्याच्या गोष्टी काढत होतो. पण बोलणं गेलं भलतीकडे. जाळ्याची बारीक गाठ सुकीबाईच्या नखांत फिरताना मायला जाणवली असावी. तिने हात पुढे करून ती गाठ चाचपली. ‘‘येवढं बारीक तुले दिसस?’’

‘‘दिसस ना. डोया कापेल शे मना. तयोदाना शिबिरमा. दोन्ही.’’

मायचा हात जाळ्यावरच थांबला. ‘‘दुखनं का?’’

‘‘दुखनं थोडं. चार दिन पट्टी. पट्टी सोडी ते पह्यले नवरा दिसना. मी म्हनं, बांधी द्या परत.’’

माय हसायला लागली आणि सुकीबाईही. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून, म्हशीजवळून, एक माणूस, सुकीबाईचा नवराच असावा, भिलीत काहीतरी म्हणाला. हाक नाही मारली, नुसता बोलला, आपण ओसरीवरून स्वयंपाकघरात बोलतो तसा. मला त्यातला तंबाखू एवढाच शब्द कळला. सुकीबाईनेही मान न वळवता, घास चावत, त्याला उत्तर दिलं. मी घाबरून मायकडे बघितलं. मायने भाकरीचा तुकडा मोडला, भरितात बुडवला आणि शांतपणे विचारलं, ‘‘बापू, बोट उनी का रे परत?’’ मी म्हणालो, ‘‘अद्याप नाही.’’

निघताना सुकीबाईने तो दोऱ्याचा चष्मा काढून मायच्या डोळ्यांवर ठेवला. मायला त्यातून काय दिसलं असेल कोण जाणे, त्या वेळी तर अजूनच पुसट दिसलं असणार. पण ती बराच वेळ पाण्याकडे तोंड करून उभी होती. चष्मा परत देताना म्हणाली, ‘‘पुढला हिवाळाले येसू. वांगा मी आनसू, मासा तू धर.’’

घरी आबा अंगणात वाटच बघत होते. ‘‘काय मंग? दखं का धरण?’’ माय पिशवी उतरवत म्हणाली, ‘‘दखं. बावीस दरवाजा शेतस.’’ आबांनी जरा डोळे मिटले, जणू मनातल्या मनात मोजत आहेत, आणि ठामपणे म्हणाले, ‘‘हां, बावीसच शेतस.’’ मग मायने हात धुतले आणि सांगितलं, ‘‘नंदुरबारले कव्हय जानं शे ते डॉक्टरले इचारी ल्या.’’ मी रात्री अंथरुणात पडून स्वतःवर इतका खूश झालो की काय सांगू. जगातल्या सगळ्या आंधळ्यांना मी धरणं दाखवीन असं वाटलं.

पट्टी पाचव्या दिवशी सुटली. डॉक्टरांनी जाड भिंग मायच्या डोळ्यापुढे धरलं आणि विचारलं, ‘‘बाई, काय दिसतं?’’ आबा उशाशी उभे. मी पलंगाच्या पायथ्याशी. मायने पापण्या मिचकावल्या, खिडकीकडे बघितलं, छताकडे बघितलं, मग माझ्यावर नजर आणून थांबवली. तिचे डोळे भरून आले होते, पण तोंड सरळ ठेवून ती म्हणाली, ‘‘आंडोर दिसस मन्हा. बांधी द्या परत.’’

आंडोर म्हणजे मुलगा. डॉक्टर आधी गोंधळले, आणि आबांनी समजावून सांगितल्यावर त्यांना खुर्ची लागली. सगळे हसत होते म्हणून मी वाकून मायच्या कानाशी म्हणालो, ‘‘आते खरोखर दिसस ना?’’ ती तितक्याच हळू म्हणाली, ‘‘दिसस. आनि पलीकडला काठ जवळ शे, ते सुकीबाई नि तिना नवरानी बोलीवरतीन तव्हयच समजनं मले. तेना बी आधी समजेल व्हतं.’’ मी विचारलं, कधी? ती म्हणाली, ‘‘तू शाळानी भाषा बोलाले लागना ना, तव्हय. तू ती भाषा खोटं बोलासाठीच ठेयेल शे.’’

मी विचारलं, तर तिथेच का नाही बोललीस, परत का नाही फिरवलंस? माय म्हणाली, पाय पाण्यात होते ना.

त्या पुढच्या हिवाळ्यात आम्ही खरंच गेलो सुकीबाईकडे, आणि त्याच्याही पुढच्या. जाड चष्मा लावून माय पहिल्या वेळी काठावर उभी राहिली आणि बदकं मोजत सुटली. म्हैस तिने लगेच ओळखली, म्हणाली, ‘‘हाई तुन्ही बोट.’’ मोठ्या धरणावर मात्र आम्हाला जायला खूप वर्षं गेली. आता तिथे बाग आहे, चहाची टपरी आहे, फोटो काढायला लाकडी चौकट आहे. माझ्या मुलीने गाडीतून नेलं, त्यामुळे पोचलो. आबा तोवर गेले होते. पाणी खरंच खूप होतं, आणि पलीकडचा काठ अगदी स्वच्छ दिसत होता. मायने काठी टेकवून भिंतीकडे तोंड केलं आणि दरवाजे मोजले. सात निघाले. तिने पुन्हा मोजले, मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘तुन्हा बाप बी शाळा शिकेल व्हता.’’ आणि बाकावर बसून म्हणाली, ‘‘आठे पाय कथा सोडाना?’’ म्हणजे इथे पाय कुठे सोडायचे. पाण्याच्या अलीकडे उंच कठडा होता.

माय आता नव्वदीकडे झुकली आहे. दाताने भाकरी मोडत नाही, पण सुईत दोरा घालते, आणि तो मुद्दाम माझ्यासमोर घालते. गेल्या आठवड्यात मी ओट्यावर हे लिहीत बसलो होतो, ती शेजारी शेंगा फोडत होती. काय लिखी ऱ्हायना म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं, धरणाची गोष्ट लिहितोय, फाटा चुकल्याची, सगळं जसं झालं तसं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. तिने एक शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला आणि विचारलं, ‘‘कोनती भाषामा?’’

मी म्हणालो, ‘‘मराठीत.’’

‘‘मंग खोटंच व्हई.’’